झाडांच्या गाठीभेटी

वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे मी माझ्यापुरते दोन वर्ग पाडले आहेत. काही पायांनी फिरतात, बाकीचे तोंडाने. पहिल्या वर्गातले लोक मनगटावरच्या घड्याळात पावले मोजत, कानांत बोंडे खोचून, आपल्या शेजारून असे सुसाट जातात की वर कुणी प्रसाद वाटतो आहे की काय अशी शंका यावी. आम्ही निवृत्त मंडळी दुसऱ्या वर्गातली. चढावर दम लागतो म्हणून थोडे बोलतो, आणि उतारावर दम परत येतो म्हणून पुष्कळ बोलतो. पुणे शहराच्या हद्दीतली ही सर्वांत उंच टेकडी मी अकरा वर्षे नेमाने चढत होतो. पण वाटेवर झाडे कोणती, असे कुणी विचारले असते तर ‘बरीच आहेत’ यापेक्षा अधिक माहिती माझ्यापाशी नव्हती.

फिरणाऱ्यांचा एक तिसराही वर्ग असतो, डोळ्यांनी फिरणाऱ्यांचा, हे मला फार उशिरा कळले. आणि त्याची सुरुवात टेकडीवर नव्हे, आमच्याच सोसायटीच्या आवारात, एका करंजाखाली झाली.

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची नात तेव्हा सहा वर्षांची होती. शाळा घरात आणि मुले अंगणात, असा तो काळ. एके सकाळी ती करंजाचे एक पान घेऊन धावतच वर आली.

“आजोबा, आपल्या झाडाला कांजिण्या झाल्यात!”

पान हातात घेतले. खरेच, पानभर हिरवट-पिवळे फुगवटे उभे होते; काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही तान्ह्या बाळाच्या बोटासारखे वर आलेले. हात फिरवावा तर कारल्यावरून फिरवल्यासारखे वाटे. खाली जाऊन पाहतो तो एका फांदीची नव्हे, निम्म्या झाडाची हीच गत.

ते दिवसच असे होते की ‘रोग’ हा शब्द कानी पडला की माणसे आधी दार लावून घेत आणि मग कुणाला झाला ते विचारीत. नातीने पान खालच्या मजल्यावर दाखवले. तिथून त्याचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. आणि दुपार व्हायच्या आत, मुलांना करंजाखाली खेळायला सोडू नये, असा सल्ला एका सद्गृहस्थांनी दिला. दुसऱ्यांनी फवारणीचे दर विचारून ठेवले. तिसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी सभेची नोटीस लावली. विषय क्रमांक एक : रोगट करंज तोडण्याबाबत.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक बाई राहतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. एवढी वर्षे शेजारी राहून त्यांच्याशी माझा संवाद ‘लिफ्ट चालू आहे ना?’ इतकाच. त्या दिवशी मात्र पान घेऊन मी त्यांची घंटा वाजवली. त्यांनी पान उजेडाकडे धरले आणि ओळखीचे बाळ दिसावे तशा हसल्या.

“कांजिण्या नव्हेत हो. बिऱ्हाडं आहेत ही. उद्या टेकडीवर माझ्याबरोबर चला, म्हणजे आणखी दाखवते. पण एक अट आहे. चालताना बोलायचं नाही.”

तोंडाने फिरणाऱ्या माणसाला ही अट काय पडली असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

दुसऱ्या दिवशी तासाभरात आम्ही दोन फर्लांगही गेलो नसू. टेकडीवर जिकडेतिकडे दिसणारी उंदीरमारी बाईंनी एका वाक्यात उरकली (“ही मेक्सिकोकडची पाहुणी, पुढे चला”) आणि त्या एका उंबरापाशी थांबल्या. उंबराची पाने मी जन्मभर पाहिली आहेत. दत्ताच्या देवळात त्या झाडाला प्रदक्षिणा घातल्या आहेत. पण त्या पानांवर मूगडाळीएवढे फोड असतात, हे मात्र पहिल्यांदा पाहिले. बाईंनी नखाने एक फोड उकलला. आत एक फिकट पिवळा ठिपका होता आणि तो हलत होता. तुडतुड्यांच्या भाऊबंदातला एक किडा; पंख फुटले की भिंत फोडून बाहेर पडणारा. सातविणीच्या पानांवरचे गोल फोड त्याच्याच एका चुलतभावाचे. आणि आमच्या करंजावरची ती बोटे? तो प्राणी किडासुद्धा नव्हे, कोळ्याच्या गोतावळ्यातला. कोळ्याला आठ पाय, याला चारच, आणि लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. नुसत्या डोळ्यांना तो दिसायचा नाही.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. मी समजत होतो की हे जीव पान पोखरून घर करतात. तसे नव्हे. किडा कोवळ्या पानाला टोचतो, कुरतडतो किंवा त्यात अंडे घालतो. त्याच्या लाळेतल्या वा अंड्याबरोबरच्या रसायनांनी पानाच्या पेशी भलत्याच वेगाने वाढू लागतात, आणि पान आपल्या हाताने त्याच्याभोवती खोली उभारते. बाहेरून जाड भिंत, आतून मऊ, रसाळ अस्तर, म्हणजे जेवणखाणही घरातच. थोडक्यात, बांधकाम घरमालकाचे, खर्च घरमालकाचा आणि नकाशा तेवढा भाडेकरूचा. पुण्यात घरे भाड्याने देणाऱ्यांना यात काही नवे वाटणार नाही. नकाशा ज्याचा त्याचा ठरलेला असतो. एकाच जातीच्या झाडावर दोन जातींच्या किड्यांनी बिऱ्हाडे केली तर गाठी दोन आकारांच्या येतात. म्हणून जाणकार माणूस किड्याचे तोंड न पाहता नुसत्या गाठीवरून त्याची जात सांगतो. बाईंच्या कपाटात एम. एस. मणी या आपल्या कीटकशास्त्रज्ञांचे १९७३ साली निघालेले भारतातल्या गाठींवरचे जाडजूड पुस्तक आहे. ते मी मागून आणले आणि महिनाभर उशाशी ठेवले. झोप उत्तम लागली.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. नासक्या मांसातले किडे आपोआप उपजत नाहीत, ते माशीच्या अंड्यांतून येतात, हे इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडीने १६६८ साली बरण्यांची तोंडे झाकून सिद्ध केले. आपोआप जीव जन्मतो या समजुतीला त्याने पहिला मोठा धक्का दिला. पण झाडाच्या गाठीतला किडा दिसला तेव्हा हाच रेडी म्हणाला, की हा मात्र झाडानेच निर्माण केलेला असावा! गाठीला बाहेरून भोक नाही, मग किडा आत जाणार कुठून? १६७९ साली मालपीगीने दाखवून दिले, की तिथेही आधी अंडे घातलेले असते आणि गाठ त्याच्याभोवती मागाहून वाढते. ज्याने जगाचा गैरसमज दूर केला तोच शेजारच्या झाडाखाली फसला. हे ऐकले तेव्हा मी त्याला हसलो होतो. ते हसू पुढे मला महागात पडले.

टेकडी उतरताना बाईंनी विचारले, “तुमच्या घरी बाळगुटीचा डबा आहे?”

“असेल. आमच्या मुलाच्या वेळचा.”

“उघडून बघा. त्यात दोन गाठी सापडतील.”

सौ.ने डबा माळ्यावरून काढला. सहाण, हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, सगळी मंडळी जागच्या जागी होती. हिने एकेक वस्तू वर्तमानपत्रावर मांडली आणि मी बाईंना फोनवरून वाचून दाखवू लागलो. मायफळ म्हणताच त्या म्हणाल्या, “ही एक.” पुढे काकडशिंगी म्हणताच, “ही दुसरी.”

मायफळाला फळ म्हणतात एवढेच. ते फळ नव्हे. तुर्कस्थान, इराणकडे ओकची एक बुटकी जात होते. तिच्या डहाळीवर मुंगीएवढी एक गांधीलमाशी अंडे घालते आणि त्याभोवती ही टणक गोटी वाढते. काकडशिंगी हिमालयातली, पिस्त्याच्या कुळातल्या एका झाडावर मावा पडला की पानांतून शिंगासारखी वाकडी पोकळ पिशवी वाढते, तीच वाळवून विकतात. म्हणजे करंजावर ज्या कांजिण्या पाहून सोसायटीने दारे लावून घेतली, त्यांच्याच दोन चुलतबहिणी आमच्या माळ्यावर पस्तीस वर्षे सुखाने नांदत होत्या.

माझी आई बाजारातून मायफळ आणताना प्रत्येक उलटसुलट करून पाही आणि भोक असलेले परत टाकी. “भोकाचं नको, आतून गेलेलं असतं.” आम्हां मुलांना तो तिचा चोखंदळपणा वाटे. बाई म्हणाल्या, तुमच्या आईचे बरोबर होते. माशी बाहेर पडण्याआधी तोडलेले मायफळ वजनाला भरते, रंगाला गडद असते आणि त्यातला तुरट अंशही अधिक असतो. माशी उडाली की भोक राहते आणि माल हलका होतो. त्या तुरटपणापायीच मायफळाला शेकडो वर्षे गिऱ्हाईक होते. मायफळाच्या काढ्यात हिराकस घातला की काळी शाई होते, आणि युरोपातले कित्येक जुने दस्तऐवज त्याच शाईने लिहिलेले आहेत.

“म्हणजे तुम्ही सगळे भाऊ लहानपणी किड्यांची घरं चाटून मोठे झालात म्हणायचं,” सौ. म्हणाली, आणि डबा पुन्हा बांधू लागली. हल्लीचे डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काहीच देऊ नका असे सांगतात आणि आमच्या सूनबाईने ते कसोशीने पाळले. त्यामुळे नातीच्या वाट्याला हा डबा आलाच नाही. ते योग्यच झाले. पण डबा टाकून द्यायचे धैर्य हिलाही नाही आणि मलाही नाही.

सभेला मी तोच डबा घेऊन गेलो. मायफळ आणि काकडशिंगी टेबलावर ठेवली, शेजारी करंजाचे पान ठेवले, आणि पंधरा मिनिटे बोललो. आयुष्यात इतके सलग मला पूर्वी कुणी बोलू दिले नव्हते. गाठींमुळे पानाचे थोडेफार नुकसान होते. पण करंज दरवर्षी नवी पालवी धरतो, झाड दगावत नाही आणि माणसाला तर काहीच होत नाही, हे पटवले. शेवटी बाईंनी शांतपणे आठवण करून दिली की १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरातले झाड, आपल्या आवारातले असले तरी, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. विषय क्रमांक एक तिथेच बारगळला. करंज वाचला.

त्या दिवसापासून मी ‘गाठवाले आजोबा’ झालो. खोटे कशाला बोला, मला ते आवडले. टेकडीवर आमच्या मंडळींना थांबवून थांबवून मी पाने दाखवू लागलो. पेन्शनीचा विषय निघाला की मी सातविणीकडे बोट करी. बांडगुळावर तर माझे व्याख्यान ठरलेले असे. कोकणातल्या आमच्या आंब्यावर बांडगुळे मातली आहेत. फांदीला ती जिथे चिकटतात तिथे मुठीएवढी गाठ येते आणि पुढची फांदी हळूहळू वाळते. आपण ऐतखाऊ माणसाला बांडगूळ म्हणतो. पण ही वनस्पती हिरवीगार असते, आपले अन्न आपण शिजवते; झाडाकडून घेते ते पाणी आणि क्षार. मी कितीतरी ऐतखाऊ पाहिले आहेत. त्यांच्यातला एकही स्वयंपाक करीत नव्हता. तिच्या केशरी नळ्यांतला मध शिंजीर पिते, आणि पिकलेली फळे खायला फुलटोच्या येतो, अंगठ्याएवढा, आपल्या देशातल्या सर्वांत लहान पाखरांपैकी एक. फळातले बी विलक्षण चिकट. ते अंगावेगळे करायला पाखराला बूड फांदीवर घासावे लागते, आणि बी तिथेच रुजते. सालिम अलींनी कोकणात हा सगळा व्यवहार पाहून १९३१ साली त्यावर लेख लिहिला. हे सांगून झाले की मी थोडा थांबत असे. ऐकणारे मान डोलवीत आणि विचारीत, “मग आंब्याचं करायचं काय?” बांडगूळ नुसते ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळे फांदीत शिरलेली असतात, गाठीच्या अलीकडून फांदीच छाटावी लागते. हे उत्तर मला येत होते. मला सगळीच उत्तरे येत होती.

आता गुलमोहराकडे वळायला हवे.

आमच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला एक जुना गुलमोहर होता. मे महिन्यात त्याच्याकडे पाहवत नसे इतका तो पेटे. त्याच्या सावलीत इस्त्रीवाल्याचे टेबल, वर पत्र्याचा आडोसा. तो माणूस वीसएक वर्षे तिथे होता. २०२२ च्या पावसाळ्यात त्या झाडाच्या बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, तीन मोठाली ‘फळे’ उगवली. बशीच्या अर्ध्या तुकड्यासारखी, खोडातून आडवी बाहेर आलेली. वरून काळसर तांबडी आणि रोगण दिल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरीशुभ्र किनार. आयुष्यात इतकी देखणी बुरशी मी पाहिली नव्हती. ती बुरशीच आहे, एवढे माझ्या लक्षात आले होते. गुटीच्या डब्यात एक फणसांबाही निघाला होता; फणसाच्या खोडावर येणारे ते अळंबे, लहान मुलांची लाळ फार गळू लागली की उगाळून लावीत. मी मनात म्हटले, हा त्याचाच भाऊ, म्हणजे सज्जन असणार.

तिन्हींतले एक मी चाकूने अलगद कापून घरी आणले, उन्हात वाळवले, आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गणपतीच्या शेजारी ठेवले. आल्यागेल्याला दाखवीत असे. उरलेल्यांतल्या मोठ्यावर इस्त्रीवाला आपली काडेपेटी आणि पाण्याची बाटली ठेवी. निसर्गाने दिलेली फळी, असे मी त्याला म्हणालो होतो. बाई त्या चार महिन्यांत लेकीकडे बंगळुरूला होत्या.

ऑगस्टमध्ये आमच्या घरात निराळीच कुरबुर सुरू झाली. इस्त्री होऊन आलेल्या पांढऱ्या सदऱ्यांच्या घड्यांवर तपकिरी भुकटी दिसू लागली. कोकोची पूड शिंपडावी तशी. सौ. गठ्ठा घेऊन खाली गेली आणि कोळशाच्या राखेवरून त्याला बोलून आली. तो म्हणाला, “काकू, राख पांढरी असते. ही तांबडी आहे. झाडाखालून उडते, माझ्या टेबलावरपण बसते.” हिने घरी येऊन मला सांगितले. मी ऐकले आणि वर्तमानपत्राचे पान उलटले. महिनाभर तो बिचारा दर अर्ध्या तासाने टेबल पुशीत होता.

सप्टेंबरातल्या एका रात्री दोनच्या सुमारास मोठा आवाज झाला. वारा फारसा नव्हता, पाऊस तेवढा लागलेला होता. खाली जाऊन पाहिले तो गुलमोहर बुंध्यापासून आडवा. पत्र्याचा आडोसा वहीच्या पानासारखा घडी झाला होता आणि टेबलाचे दोन पाय तेवढे फांद्यांतून वर आलेले दिसत होते. रात्र होती म्हणून माणूस नव्हता. सकाळी सातपासून तो तिथे उभा राही, आणि साडेसातला शाळेची बस यायची; आमच्या नातीसह सोसायटीची दहा-बारा मुले पावसापासून आडोसा म्हणून त्याच पत्र्याखाली उभी असायची.

उजाडल्यावर मी तुटलेला बुंधा पाहिला. वरची सगळी फांदोरी हिरवीगार होती, एक पानही सुकलेले नव्हते. आणि खाली लाकूड म्हणून काही उरलेच नव्हते. पांढरट, ओलसर, स्पंजासारखा भुगा. बोटाने ओढला तर त्याचे तंतू निघत. मुळे कापसाच्या वातीसारखी तुटली होती. आणि त्या भुग्याला लागूनच ती दोन देखणी फळे, जशीच्या तशी, रोगण न उडालेली.

बाई ऑक्टोबरात परतल्या. भेटायला आल्या तेव्हा चहाचा कप हातात घेऊनच कपाटापुढे उभ्या राहिल्या.

“हे कुठलं आणलंत?”

“गुलमोहराचं.”

“बुंध्याशी होतं? जमिनीलगत?”

मी मान हलवली. त्या पुढे काही विचारीनात, तेव्हा मीच विचारले.

ही गॅनोडर्मा नावाची बुरशी. मुळांत नाहीतर बुंध्यात शिरते आणि लाकडाला ज्याने बळकटी येते तेच खात जाते. आत वर्षानुवर्षे काम चालते. बाहेर काही दिसत नाही. झाडाला पाणी पोचवणारे लाकूड सालीजवळचे असते आणि ते बरेच दिवस शाबूत राहते, त्यामुळे वर पाने हिरवी असतात, फुलेसुद्धा येतात. बाहेर ती चकचकीत फळे दिसू लागतात तेव्हा आतले जेवण पुष्कळसे उरकलेले असते. तपकिरी भुकटी हे त्या बुरशीचे बीज. पिकले की खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून ते धुरासारखे उडते आणि जवळपास जे असेल त्यावर बसते. सदऱ्यांवर, टेबलावर.

“तुम्ही असता तर काय केलं असतं?” मी विचारले.

“आधी टेबल हलवायला लावलं असतं. मग उद्यान विभागाला कळवलं असतं.” त्यांनी कप खाली ठेवला. “पण मी नव्हते ना इथे.”

त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. करंजाच्या पानावर पंधरा मिनिटे बोलणारा मी, रोज सकाळी त्या गुलमोहराच्या बुंध्याशी वाकून फळांची वाढ पाहत होतो. दर आठवड्याला वीतीने मोजलीसुद्धा होती. रेडीला हसलो होतो तो मीच.

इस्त्रीवाल्याला हे सांगावे की नाही, यात माझे चार दिवस गेले. सोसायटीने वर्गणी काढून त्याला नवे टेबल दिले होते. माझ्या वर्गणीचा आकडा इतरांपेक्षा मोठा होता आणि तो का मोठा आहे हे कुणाला माहीत नव्हते. पाचव्या दिवशी मी कपाटातले ते फळ कागदात गुंडाळून त्याच्याकडे नेले आणि सगळे सांगितले. भुकटीचेही सांगितले. तो ऐकत ऐकत इस्त्री फिरवीत होता. सदरा पुरा झाल्यावर त्याने तो घडी घालून बाजूला ठेवला.

“काका, तुम्हाला ठाऊक असतं तर सांगितलंच असतं की तुम्ही.”

यावर मला बोलता आले नाही. मग त्याने ते फळ हातात घेतले, उलटे करून पाहिले, आणि म्हणाला, “फळी मजबूत होती पण. भरलेली बाटली ठेवली तरी हलायची नाही.”

बाईंनी ते फेकू दिले नाही. आता ते त्यांच्या पिशवीत असते, आणि टेकडीवर ओळखीचे कुणी भेटले की पानांवरच्या गाठींच्या आधी हे बाहेर निघते. सोसायटीभोवतीच्या सगळ्या झाडांचे बुंधे त्यांनी काठीने ठोकून पाहिले. एका ठिकाणी पोकळ आवाज आला, तिथे उद्यान विभागाकडून पाहणी करून घेतली. मी काठी धरायला बरोबर होतो. बोललो नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सातविणी फुलल्या होत्या आणि संध्याकाळी त्यांचा वास जिन्यापर्यंत येत होता. चेअरमनसाहेबांनी इस्त्रीवाल्याला टेबल आवारात, करंजाखाली लावायची परवानगी दिली. दिवाळीचे कपडे साचलेले, गडी घाईत. तरी टेबल ठेवण्याआधी त्याने वर पाहिले आणि मला हाक मारली.

“काका, ह्या झाडाच्या पानांवर फोड आहेत. खाली उभं राहिलं तर चालेल ना?”

मी आधी खाली वाकलो. बुंध्याभोवती एक फेरी मारली, मुळांपाशी हात फिरवला, माती उकरून पाहिली. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठलो आणि म्हटले, “चालेल. पानांवरचे ते फोड निरुपद्रवी आहेत.”

त्याने मान डोलवली. टेबल मात्र उचलले नाही.

“बाई संध्याकाळी खाली येतील ना?” तो म्हणाला. “त्यांना पण विचारून घेतो.”